तंजावरची नर्तकी आणि खेळण्यांचे दुकान

तंजावरात बृहदीश्वराच्या देवळाबाहेरील दुकानांतून, राजवाड्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर आणि तमिळनाडू सरकारच्या पूंपुहार हस्तकला-भांडारात जी बाहुली प्रवाशाच्या नजरेत प्रथम भरते, ती एका नर्तकीची असते. तिचे हात मुद्रेत धरलेले असतात, पेहराव भडक आणि जरीकाठी असतो, आणि वाऱ्याची नुसती झुळूक आली तरी तिची मान एकीकडे, कंबर दुसरीकडे आणि घेरदार वस्त्र तिसरीकडे डोलू लागते. ही बाहुली विकत घेताना, ती लहान मुलाच्या हाती देणे योग्य की अयोग्य, असा संशय कोणा आईबापांच्या मनाला शिवत असेल असे वाटत नाही. आणि तरीही ज्या करमणुकीची ती प्रतिमा आहे, ती करमणूक मुलांसाठी निर्माण झालेली नव्हती. राजाश्रयावर पोसलेली, शृंगाररसाने ओथंबलेली आणि जाणत्या रसिकांनी आस्वादावयाची ती कला होती. प्रौढांसाठी रचलेल्या दूरचित्रवाणी-मालिकांतील पात्रांची खेळणी मुलांच्या दुकानात ठेवावीत की नाहीत, हा जो वाद अलीकडच्या काळात पाश्चात्त्य देशांत वारंवार माजतो, त्याचा विचार तंजावरापासून सुरू करण्याचे कारण एवढेच, की प्रौढांच्या रंजनातून मुलांचे खेळणे कसे निपजते आणि ते केव्हा निरुपद्रवी होते, याचा एक पुरा झालेला दाखला येथे आपल्यासमोर उभा आहे. किंबहुना डोलतो आहे.

प्रथम या डोलण्याचे मर्म पाहू. तंजावरी बाहुल्यांचे मुख्यतः दोन प्रकार आहेत. एक राजा-राणीची किंवा गुबगुबीत शेट-शेटाणीची बसकी बाहुली, जिला कितीही आडवे पाडले तरी ती पुन्हा उठून बसते. तिचा तळ अर्धगोलाकार असून त्यात मातीचा जड गोळा भरलेला असतो, आणि वरचा भाग कागदाच्या लगद्याचा, म्हणून अगदी हलका असतो. त्यामुळे बाहुलीचा गुरुत्वमध्य तळाच्या वर्तुळाकार पृष्ठाच्या केंद्राहूनही खाली पडतो. बाहुली कलवली की हा गुरुत्वमध्य वर उचलला जातो, आणि उचललेली कोणतीही वस्तू संधी मिळताच खाली येऊ पाहते या न्यायाने ती आपोआप उभी होते. नर्तकीची रचना अधिक चतुर आहे. तिचे मस्तक, धड आणि घेर हे एकसंध नसून स्वतंत्र भाग असतात. ते पायांच्या खुंटीवर एकात एक, तारेच्या टोकाच्या आधाराने टांगलेले असतात, आणि प्रत्येक भागाचा गुरुत्वमध्य त्याच्या टेकूच्या खाली राहील अशी योजना केलेली असते. म्हणजे ही बाहुली वस्तुतः तीन लंबकांची उतरंड होय. लंबकाला एक झोका पुरा करण्यास लागणारा काळ त्याच्या घडणीवर आणि वजनाच्या विभागणीवर अवलंबून असल्यामुळे मान आणि कंबर एका ठेक्यात कधीच हलत नाहीत, आणि या बेमेळातूनच पाहणाऱ्यास नृत्याचा भास होतो. कारागिराला गणित ठाऊक असो वा नसो, कोठे किती लगदा थापावा हे त्याच्या हाताला ठाऊक असते. २००८-०९ साली या बाहुलीला भौगोलिक मानांकन मिळाले. पुढे २०२० च्या ऑगस्टमध्ये पंतप्रधानांनी आपल्या आकाशवाणीवरील भाषणात खेळण्यांची केंद्रे म्हणून चन्नपट्टण, कोंडापल्ली, धुबरी आणि वाराणशी यांच्याबरोबर तंजावरचेही नाव घेतले.

या बाहुलीचा उगम मराठी अमलात, आणि विशेषतः दुसऱ्या सरफोजी राजांच्या काळात झाला असे तिकडे परंपरेने मानतात. परंपरेचा शब्द तंतोतंत घ्यावा असा आग्रह नाही. परंतु ज्या दरबाराशी ती बाहुलीचे नाते जोडते, त्या दरबाराचे स्वरूप आपणांस दस्तऐवजांवरून पुष्कळ चांगले माहीत आहे. १६७६ च्या सुमारास व्यंकोजी भोसल्यांनी तंजावर घेतले आणि १८५५ मध्ये, दुसऱ्या शिवाजी राजांच्या मृत्यूनंतर, कंपनी सरकारने ते संस्थान खालसा केले. या पावणेदोनशे वर्षांत तेथे मराठी, तमिळ, तेलुगू आणि संस्कृत या चारही भाषांतून नाटके, प्रबंध आणि नृत्यरचना यांचा असा पूर लोटला, की १८०३ साली बृहदीश्वराच्या भिंतींवर भोसले घराण्याचा लांबलचक मराठी इतिहास कोरून घेणाऱ्या सरफोजींना दगडाहून दफ्तर मोठे झाल्याची जाणीव होत असली तर नवल नाही. व्यंकोजींचे पुत्र शहाजी राजे यांनी १६९० च्या सुमारास 'लक्ष्मीनारायणकल्याण' हे मराठी नाटक लिहिले, म्हणजे सांगलीच्या 'सीतास्वयंवरा'च्या आधी सुमारे दीडशे वर्षे. (मराठी रंगभूमीचा जन्म १८४३ मध्ये मानून आपण दरवर्षी सोहळे करतो, त्यात तंजावरची आठवण कितीशी निघते, हा प्रश्न येथे नुसता टिपून ठेवतो.) स्वतः सरफोजींनी नृत्यासाठी मराठीत साहित्य रचले, आणि त्यांच्याच आश्रयाला चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम् आणि वडिवेलू हे चार बंधू होते, ज्यांनी आज भरतनाट्यम् या नावाने ओळखल्या जाणाऱ्या नृत्याचा मार्ग अलारिप्पूपासून तिल्लान्यापर्यंत आखून दिला. त्या काळी या नृत्याला सदिर म्हणत, आणि ते करणाऱ्या स्त्रिया देवदासी किंवा दरबारच्या गणिका होत्या. पदांचा विषय बहुधा विरहिणी, खंडिता किंवा अभिसारिका नायिका. दरबाराची म्हणून जी एक प्रौढ अभिरुची असते, तिचा हा सर्व सरंजाम होता, आणि त्यात लाजण्यासारखे काही आहे असे त्या काळी कोणास वाटत नव्हते.

लाज पुढे आली. प्रतापसिंह राजांच्या (१७३९–१७६३) दरबारी मुद्दुपळनी नावाची एक विदुषी गणिका होती. तिने 'राधिकासांत्वनमु' हे तेलुगू काव्य लिहिले, ज्यात प्रौढ राधा कृष्णाच्या नववधूला स्वतःच शिकवून तयार करते आणि मग मत्सराने पोळून निघते, तेव्हा कृष्णाला तिची समजूत काढावी लागते. दीडशे वर्षांनंतर, १९१० साली, बंगळूरच्या नागरत्नम्मा या गायिकेने या काव्याची संशोधित आवृत्ती काढली. कंदुकूरी वीरेशलिंगम् यांच्यासारख्या समाजसुधारकाने त्या काव्यावर अश्लीलतेचा ठपका ठेवलाच होता. १९११ मध्ये सरकारनेही तोच निवाडा देऊन प्रती जप्त करविल्या, आणि ती मनाई उठावयास १९४७ साल उजाडावे लागले. ज्या नागरत्नम्मांवर हा प्रसंग आला, त्यांनीच पुढे तंजावरपासून जवळच असलेल्या तिरुवैयारूस त्यागराजांची समाधी आपल्या पैशाने बांधून काढली, हे जाता जाता सांगितले पाहिजे. १९४७ मध्येच मद्रास विधिमंडळाने देवदासी-समर्पणाला बंदी करणारा कायदा केला. म्हणजे एकाच वर्षी त्या दरबाराचे काव्य बंधमुक्त झाले आणि त्या दरबाराच्या नर्तकीची प्रथा कायद्याने संपली.

आणि बाहुली? या सर्व धामधुमीत तिच्यावर कोणी जप्ती आणली नाही, कोणी तिला देव्हाऱ्यातून वा मुलांच्या फडताळातून हलविले नाही. काव्यातील नायिका आणि मातीची नर्तकी या एकाच दरबाराच्या लेकी. एकीला पोलिसांनी उचलले, दुसरी बाजारात निर्वेध विकली गेली. याचे कारण सभ्यतेच्या कसोटीत शोधू गेल्यास सापडणार नाही, कारण दोघींचे मूळ तितकेच शृंगारिक आहे. कारण असे, की काव्य आपली कथा आपल्याबरोबर घेऊन फिरते आणि बाहुलीने ती वाटेत कोठेतरी टाकून दिलेली असते. मातीच्या नर्तकीला नाव नाही, नायक नाही, पद नाही. मूल जेव्हा तिच्या मस्तकाला बोट लावते तेव्हा त्याला दरबारही दिसत नाही आणि विरहही दिसत नाही, त्याला दिसते ती फक्त डोलण्याची मौज. शिवाय, तिचा आजचा पेहराव सदिराचा नसून विसाव्या शतकात प्रतिष्ठा पावलेल्या रंगमंचीय भरतनाट्यम्‌चा आहे. म्हणजे नृत्याबरोबर बाहुलीनेही कात टाकली. एखादे प्रौढ रंजन मुलांच्या हाती निर्धोक पोचते ते अशा प्रकारे: मधल्या दोन-तीन पिढ्या, कारागिरांचे अनेक हात आणि विस्मरण यांच्या गाळणीतून.

हे केवळ तंजावरातच घडले असे नाही. १९५२ साली हँबुर्गच्या 'बिल्ड' या वृत्तपत्रात राइनहार्ड बॉयथिन या चित्रकाराने लिली नावाच्या एका चटोर, पैसेवाल्या पुरुषांवर डोळा ठेवून वावरणाऱ्या तरुणीची व्यंगचित्रमालिका सुरू केली, आणि १९५५ मध्ये तिची बाहुली निघाली. ती तंबाखूच्या दुकानांतून आणि मद्यगृहांतून, प्रौढ पुरुषांनी एकमेकांस थट्टेने भेट द्यावी म्हणून विकली जात असे. पुढे मुलीही तिच्याशी खेळू लागल्या. १९५६ मध्ये स्वित्झर्लंडमधील एका दुकानात ती रूथ हँडलर या अमेरिकन बाईंच्या दृष्टीस पडली. तिच्यावरून त्यांनी जी बाहुली घडविली ती १९५९ मध्ये बाजारात आली, तिचे नाव बार्बी. १९६४ मध्ये त्यांच्या मॅटेल कंपनीने लिलीचे हक्कच विकत घेऊन मूळ बाहुलीचे उत्पादन थांबविले. तंजावरच्या नर्तकीला ज्या रूपांतरास पिढ्यान्पिढ्या लागल्या, ते येथे सात-आठ वर्षांत झाले, पण पद्धत तीच: नाव बदलले, कथा पुसली, उरली ती कपडे बदलण्याची हौस. बार्बीच्या शरीरप्रमाणाविषयी जी टीका आजतागायत चालू आहे, ती पाहता लिलीचे सर्वच काही पुसले गेले नाही असे म्हणणाऱ्यांचे मत मला खोडता येत नाही. कथा टाकून देता येते. बांधा टाकून देणे कठीण.

दूरचित्रवाणीच्या खेळण्याचा व्यवहार याच्या नेमका उलट चालतो, आणि माझ्या मते सर्व वादाचे मूळ येथे आहे. तेथे कथा विसरली जात नाही. कथाच विकली जाते. मालिकेचा वा चित्रपटाचा मालक पात्राचे नाव, चेहरा आणि चिन्ह यांचा परवाना खेळण्यांच्या कारखानदारास देतो, त्याबद्दल विक्रीतील ठरलेला हिस्सा घेतो, आणि बाहुलीची किंमत प्लॅस्टिकपेक्षा त्या नावात जास्त असते. चेहरा नटाच्या चेहऱ्याशी जितका जुळेल, हातातील सामान पडद्यावरील सामानाशी जितके मिळेल, तितका माल खरा. कथा पुसण्याऐवजी ती खोलवर कोरणे हेच येथील कौशल्य. हा व्यापार १९७७ च्या 'स्टार वॉर्स'ने केवढा वाढविला हे सर्वविदित आहे. त्या वर्षीच्या नाताळापर्यंत बाहुल्या तयार झाल्या नाहीत म्हणून केनर कंपनीने मुलांना रिकामी खोकी आणि 'पुढे मिळतील' अशी प्रमाणपत्रे विकली, आणि लोकांनी ती घेतली! मात्र त्याच कंपनीने १९७९ साली 'एलियन' या भीषण चित्रपटातील राक्षसाची अठरा इंचांची बाहुली काढली, तेव्हा पालकांच्या नाराजीपुढे ती टिकली नाही. तो चित्रपट पाहण्यास सतरा वर्षांखालील मुलांना वडीलधारे माणूस बरोबर असल्याखेरीज प्रवेश नव्हता. बाहुली मात्र कोणालाही घेता येत होती.

पुढे एक युक्ती निघाली. १९८४ मध्ये अमेरिकेच्या दळणवळण आयोगाने मुलांच्या कार्यक्रमांवरील जाहिरातींची बंधने सैल केली, आणि खेळण्याची जाहिरात म्हणूनच संपूर्ण कार्यक्रम रचण्याचा मार्ग मोकळा झाला. १९६९ मध्ये याच आयोगाने 'हॉट व्हील्स' या मोटारींवरील चित्रमालिकेस हरकत घेतली होती, ती हरकत आता उरली नाही. मग 'रॅम्बो' हा व्हिएतनामच्या युद्धातून परतलेल्या, मनाने भंगलेल्या सैनिकाचा रक्तरंजित चित्रपट १९८६ साली मुलांची चित्रमालिका होऊन आला, आणि १९८७ चा 'रोबोकॉप', ज्याला सेन्सॉरने आधी प्रौढांतही सर्वांत कडक वर्ग लावू पाहिला होता, तो १९८८ साली. दोहोंचीही खेळणी निघाली. दरबारी नर्तकीची मातीची बाहुली होईपर्यंत जी गाळणी लागली, ती येथे स्टुडिओच्या कचेरीत बसविली होती. पण ही गाळणी फसवी होय. कारण चित्रमालिकेचे बोट धरून मूल ज्या मूळ चित्रपटापर्यंत पोचते, तो व्हिडिओच्या दुकानात शेजारच्याच फळीवर, तेच नाव आणि तोच चेहरा घेऊन उभा असे.

आता ज्या प्रकरणाने हा प्रश्न सर्वांत स्पष्टपणे उभा राहिला, त्याकडे वळू. 'ब्रेकिंग बॅड' ही मालिका अमेरिकेत २००८ ते २०१३ पर्यंत चालली. तिचे कथानक वॉल्टर व्हाइट नावाच्या शाळेतील रसायनशास्त्राच्या शिक्षकाचे. फुप्फुसाच्या कर्करोगाचे निदान झाल्यावर तो कुटुंबासाठी पैसा मिळविण्याच्या निमित्ताने मेथॅम्फेटामिन हे मादक द्रव्य बनवू लागतो आणि हळूहळू निमित्त गळून पडून निव्वळ अधर्म उरतो. मालिका श्रेष्ठ होती यात शंका नाही. आपल्याकडील कोणा नाटककाराने ती मन लावून पाहिली असती तर तिची रचना त्याला हेवा वाटण्याजोगी वाटली असती. या वॉल्टर व्हाइटच्या बाहुलीबरोबर नोटांची थैली आणि त्या निळसर द्रव्याची पिशवी अशी साग्रसंगीत सामग्री मिळे. 'टॉईज आर अस' या जगप्रसिद्ध खेळण्यांच्या दुकानमालिकेत ती विकली जाऊ लागली, तेव्हा २०१४ च्या ऑक्टोबरात फ्लॉरिडातील एका मातेने तिच्याविरुद्ध सह्यांचा अर्ज सुरू केला. दुकानाचे पहिले उत्तर असे, की खोक्यावर पंधरा वर्षांवरील असे स्पष्ट छापलेले आहे आणि माल प्रौढांच्या विभागात ठेवलेला आहे. काही दिवसांतच मात्र सर्व बाहुल्या फळ्यांवरून उतरल्या. मालिकेतील एका नटाने उलट विचारणा केली, की मग मुलींच्या मनात शरीराविषयी वेड्या कल्पना भरणारी बार्बी आणि हिंसेने भरलेले व्हिडिओ गेम्स तेथे कसे राहतात.

ही विचारणा टाळीबाज खरी, पण पोकळ नाही, आणि तिला उत्तर देणे आवश्यक आहे. बार्बीची परंपरा निर्दोष नाही हे वर आलेच आहे. परंतु बार्बीशी खेळणाऱ्या मुलीला लिलीची माहिती असण्याची गरज नाही, किंबहुना तिची माहिती नसतानाच खेळ रंगतो. तर वॉल्टर व्हाइटची बाहुली हातात घेऊन, मालिका न पाहिलेल्या मुलाने काय खेळावे? काळी टोपी घातलेला, दाढीवाला, पन्नाशीचा एक गृहस्थ आणि एक पिशवी. खेळावयाचे तर त्याला विचारावे लागेल, की या पिशवीत काय आहे, आणि ज्या क्षणी त्याला खरे उत्तर मिळेल त्या क्षणी खेळ संपून कथा सुरू होईल. मला कसोटी हीच योग्य वाटते: कथा काढून घेतली असता हातात खेळणे उरते की नाही. तंजावरची नर्तकी या कसोटीस उतरते, कारण तिच्यात गुरुत्वमध्य उरतो. बार्बी बरीचशी उतरते, कारण तिचे कपडे उरतात. वॉल्टर व्हाइटमध्ये काहीच उरत नाही. ती मूर्ती आहे, स्मरणिका आहे, रसिकाच्या टेबलावर शोभेल अशी वस्तू आहे, खेळणे नाही. मातेने मालाविरुद्ध आवाज उठविला, पण आपली वस्तू खेळणे नाही हे विसरून ती खेळण्यांच्या फळीवर ठेवणे हा व्यापाऱ्याचा प्रमाद अधिक मोठा होता असे मी म्हणेन. खोक्यावरील वय दुकानदाराला वाचता येते. फळीच्या उंचीइतक्या मुलाला ते वाचता येत नाही.

उलट दिशेचाही एक प्रवाह आहे. २०२१ च्या सप्टेंबरात नेटफ्लिक्सवर आलेली 'स्क्विड गेम' ही कोरियाची मालिका मुलांचे अंगणातले खेळ उचलून त्यांत मृत्यूची बाजी लावते. तीतील प्रचंड बाहुली, जी वळून पाहते तेव्हा हलणाऱ्यास गोळी बसते, ती मुळात शाळकरी मुलीच्या रूपातच घडविलेली आहे. काही आठवड्यांतच बेल्जियममधील एका शाळेला पालकांस ताकीद द्यावी लागली, कारण मुले शाळेच्या आवारात तो खेळ खेळून हरणाऱ्यास मारू लागली होती. त्यांनी खेळणे विकत घेतलेले नव्हते. खेळ त्यांचाच होता, फक्त पडद्यावरून फिरून परत येताना त्याला मारहाण चिकटली होती. दुकानाच्या फळीवरची बंदी अशा वेळी काही कामाची नाही, हे बंदीवाद्यांनीही मान्य करावयास हवे.

आपल्या देशात हा प्रश्न बहुधा निराळ्या रूपात आला. रामानंद सागरांचे 'रामायण' (१९८७–८८) आणि बी. आर. चोप्रांचे 'महाभारत' (१९८८–९०) या मालिका घरातील आजीपासून नातवापर्यंत सर्वांनी एकत्र बसून पाहिल्या. रविवारी सकाळी रस्ते ओस पडत, आणि जत्रांतून धनुष्ये व गदा यांचा खप होई. या मालिका प्रौढांच्या की मुलांच्या, हा प्रश्नच कोणी विचारला नाही. आज मात्र परदेशी मालिकांच्या बाहुल्या घरबसल्या मागविता येतात, तेव्हा कायदा याबाबत काय म्हणतो हे पाहणे अवश्य आहे. केंद्र सरकारचा खेळण्यांच्या गुणवत्ता-नियंत्रणाचा हुकूम २०२० मध्ये निघाला आणि १ जानेवारी २०२१ पासून अमलात आला. चौदा वर्षांखालील मुलांनी खेळण्यासाठी योजलेली, मग ती केवळ त्यांच्यासाठी असो वा नसो, अशी वस्तू म्हणजे खेळणे, अशी त्याची व्याख्या आहे, आणि अशा प्रत्येक वस्तूवर भारतीय मानक ब्यूरोची मुद्रा बंधनकारक आहे. आयएस ९८७३ या मानकाच्या निरनिराळ्या भागांत धारदार कडा, घशात अडकतील असे तुकडे, ज्वलनशीलता, शिसे आदी विषारी धातू यांची परीक्षा सांगितली आहे. कथेची परीक्षा सांगितलेली नाही. वॉल्टर व्हाइटच्या पिशवीतील प्लॅस्टिक निर्विष असेल तर कायद्याला त्या पिशवीचा अर्थ विचारण्याचे प्रयोजन नाही, आणि खोक्यावर 'पंधरा वर्षांवरील' असे छापले की ती वस्तू खेळणेच नव्हे असे म्हणून हुकमाच्या बाहेर निसटण्याची वाटही विक्रेत्यास दिसू लागते. गंमत अशी, की नोंदलेल्या हस्तकारागिरांचा माल आणि भौगोलिक मानांकन मिळालेल्या वस्तू यांना या हुकमातून सूट आहे. म्हणजे आमच्या दरबारी नर्तकीकडे कायदा पाहतच नाही. पाहण्याची गरजही आता कमी होत आहे, कारण तिचे गिऱ्हाईक पुष्कळसे प्रौढच आहे: प्रवासी, परदेशी पाहुणे आणि मोटारीत काचेजवळ डोलणारी बाहुली हवी असलेले गृहस्थ.

शासनाने कथेचे सेन्सॉर व्हावे असे मी सुचवीत नाही. मुद्दुपळनीच्या काव्याचे काय झाले ते आपण पाहिलेच. या बाबतीत तंजावरकडून शिकण्यासारखे काही असेल तर ते तेथील नवरात्रातील कोलूत आहे. घराघरांतून विषम संख्येच्या पायऱ्या मांडून त्यांवर बाहुल्यांची आरास करतात, आणि तिकडच्या मराठी कुटुंबांनीही हा परिपाठ आपलासा केला आहे. वरच्या पायऱ्यांवर देव आणि अवतार, त्याखाली संत आणि राजे, सर्वांत खाली धान्यदुकान थाटलेला चेट्टियार, लग्नाची वरात, बाजार. रक्तचंदनाची मरप्पाच्ची जोडी, नवरा-बायकोची, मुलीला सासरी जाताना देतात आणि ती दरवर्षी नव्या कपड्यांत या पायऱ्यांवर बसते. त्याच आराशीत महिषासुर असतो, त्याच्या छातीत त्रिशूळ रुतलेला असतो. रावण असतो, द्रौपदीचे वस्त्र ओढणारा दुःशासनही असू शकतो. अधर्म तेथे वर्ज्य नाही आणि रक्तही वर्ज्य नाही. पण संध्याकाळी शेजारची पोरे सुंडलच्या प्रसादासाठी जमली, की कोणीतरी आजी किंवा काकू त्यांना हा कोण आणि त्याला असे का मारले हे सांगत असते, आणि बाहुल्यांना हात लावण्याची मुभा बहुधा नसते. मूल, बाहुली आणि कथा सांगणारे माणूस ही तिन्ही एका खोलीत असतात. खेळण्यांच्या दुकानात यांतले तिसरे माणूस नसते. तेथे तर उलट, जे फळीवर हाताच्या अंतरावर आहे ते तुझ्यासाठीच आहे, असे आश्वासन न बोलता दिलेले असते, आणि त्याच आश्वासनावर मूल आईचा हात सोडून आत पळते.

म्हणून प्रौढांच्या मालिकेची बाहुली त्याच दुकानात वेगळ्या कोपऱ्यात ठेवली की काम भागते, हे मला पटत नाही. कोपरा वेगळा, पण दार आणि पाटी एकच. संग्राहकांची दुकाने निराळी असतात, पुस्तकांची असतात, चित्रपटांच्या स्मृतिवस्तूंची असतात. वॉल्टर व्हाइटने तेथे खुशाल उभे राहावे, आणि रसिकांनी दुप्पट दाम मोजून त्याला घरी न्यावे. 'टॉईज आर अस'चा तर पुढे २०१७ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज झाला आणि २०१८ मध्ये अमेरिकेतील दुकानांना टाळे लागले, त्यास कारणे व्यापाराची होती, बाहुल्यांची नव्हती. आणखी शे-दीडशे वर्षांनी, जेव्हा ती मालिका कोणाला आठवणार नाही आणि एखादा कारागीर त्या टोपीवाल्याच्या मानेखाली तार बसवून त्याला डोलावयास लावील, तेव्हा तो मुलांच्या फळीवर यावा की नाही, याचा निर्णय त्या वेळच्या आईबापांनी करावा.